अठ्ठावीस इंच

रान मोजताना एका दगडापासून निघायचं, चारी बाजू मोजत वेढा घालायचा आणि पुन्हा त्याच दगडापाशी यायचं. पाय त्याच दगडाला लागतो, पण कागदावर आपण कुठेतरी वीतभर बाजूला उतरलेलो असतो. मोजणी खात्यात मी चौतीस वर्षं काढली आणि एकदाही मोजणी तंतोतंत मिळालेली पाहिली नाही. कुणी 'माझी अगदी बरोबर मिळाली' असं सांगितलं की खुशाल समजावं, त्याने घरी पंख्याखाली बसून आकडे भरलेत.

हे जे उरतं त्याला आम्ही नुसतं 'फरक' म्हणायचो. माझी पहिली नेमणूक निपाणीकडे झाली होती. तंबाखूची काळी रानं, उन्हात डोळे मिटतील अशी सपाट. तिथल्या म्हाताऱ्या सर्व्हेअरने मला फरक जिरवायला शिकवलं. दुपारी बाभळीखाली बसायचं, भाकरी बाजूला ठेवायची आणि आधी फरक वाटून टाकायचा. "कुणा एकाच्या डोक्यावर ठेवायचा न्हाय," ते म्हणायचे. "लांब रेघंला जास्त, आखूड रेघंला कमी. सगळ्यांनी थोडं थोडं सोसायचं." वाटप संपल्याशिवाय भाकरीला हात लावू द्यायचे नाहीत. मला भूक लागायची, चिडचिड व्हायची, पण ती रीत मनापासून पटली होती. चूक कुणाची हे शोधत बसायचं नाही, सगळ्यांनी मिळून ती उचलायची. इतका सरळ न्याय मला नंतर कचेरीत काय, घरातही दिसला नाही.

पुढे शेकडो लोकांच्या रानात मी फरक वाटला. भाऊ भावाच्या अंगावर धावून जात असताना वाटला. एकाने विळा उगारला होता तेव्हाही आधी आकडे पुरे केले. लोक म्हणायचे, हा माणूस तिरसट आहे पण साखळीचा पक्का आहे. ते ऐकायला मला फार आवडायचं. फक्त आमच्या स्वतःच्या रानात मी फरक वाटला नाही.

आमचं रान उचगावच्या शिवारात. रस्त्यापासून नाल्यापर्यंत एक लांबट पट्टी, एकवीस साखळ्या लांब आणि चार साखळ्या रुंद. साखळी म्हणजे तेहतीस फूट. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद इतकी जागा म्हणजे एक गुंठा, म्हणजे आमचे सगळे मिळून चौऱ्याऐंशी गुंठे. हे आकडे घरात सगळ्यांना पाठ होते. रस्त्याकडे एक जुना दगड होता आणि नाल्याकडे दुसरा, थोडा कललेला.

आम्ही तिघं. अण्णा थोरला, मग आक्का, मग मी. आक्काचं लग्न लवकर झालं आणि नवराही लवकर गेला. तीन वर्षांची पोर काखेला मारून ती परत आली तेव्हा आप्पांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, एक काम केलं. त्यांनी विहीर काढायला घेतली. ती कुठे काढायची हे त्यांनी पाणी दाखवणाऱ्या पाणाड्याला विचारलं नाही. मोटेच्या जुन्या नाड्याला गाठी मारून तो रस्त्याच्या दगडापासून टाकत टाकत नेला. चौदा साखळ्या भरल्या तिथे खुंटी ठोकली आणि म्हणाले, विहिरीची वरची पायरी इथं. पुढे-मागे तीन वाटण्या झाल्या तर सात साखळ्या अण्णाला, सात मला, आणि नाल्याकडच्या सात आक्काला. म्हणजे विहीर पायरीपासून पुरी तिच्या वाटणीत. "पोरीनं कुणापुढं हात पसरायला नको," एवढंच ते बोलले. पाणी लागलं हे नशीब. नसतं लागलं तरी त्यांनी तिथंच खणलं असतं.

आप्पा गेल्यावर दोन वर्षांनी वाटणी करायची ठरली. भांडण नव्हतं. अण्णाला आपल्या भागात बोअर मारायची होती, म्हणून कागद हवे होते. स्वतःच्या घरची मोजणी स्वतः करायची नसते असा नियम आहे. म्हणून कागदावर माझ्यासोबतच्या एका सर्व्हेअरचं नाव घातलं. त्याने सही तेवढी करायची. मोजणी माझी, नकाशा माझा, अक्षर माझं.

आता साखळीबद्दल थोडं सांगायला हवं. लोखंडी कड्यांची ती साखळी रोज ओढली जाते, चिखलात पडते, दगडात अडकते. कड्या झिजतात, सांधे उघडतात आणि साखळी हळूहळू लांबते. दिसायला काही दिसत नाही. म्हणून कचेरीच्या ओट्यावर तेहतीस फुटांच्या दोन खुणा कोरलेल्या असतात. मोजणीला निघण्याआधी साखळी त्या खुणांवर अंथरून बघायची. मी हे न चुकता करायचो. कुणी विसरला तर त्याला चारचौघांत बोल लावायचो. त्या दिवशी मी स्वतः बघितलं नाही. घरचं तर रान, कुणाला काय दाखवायचंय, असं मनात आलं आणि साखळी पिशवीत कोंबून मोटारसायकलवर निघालो.

दुसरी चूक त्याहून मोठी. वाटणी करताना आधी सगळी लांबी मोजायची, मग तिचे भाग पाडायचे. हे नव्या उमेदवारालाही सांगावं लागत नाही. पण एकवीस साखळ्या आम्हाला पाठच होत्या, आणि आईने भटजींना विचारून मुहूर्त आणला होता. दुपारी बाराच्या आत दगड बसायला हवे होते. त्यामुळे मी रस्त्याच्या दगडापासून सरळ सात साखळ्या टाकल्या. पुढचं टोक अण्णाने धरलं होतं. अण्णा अंगाने दांडगा, साखळी अशी ताणायचा की माझा हात पुढे जायचा.

सात साखळ्या झाल्या, अण्णाची हद्द ठरली. पूर्वेला एक आणि पश्चिमेला एक असे दोन दगड पुरले. आमच्याकडे हद्दीचा दगड नुसता पुरत नाहीत. त्याला पाणी घालतात, हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात. एकदा नारळ फुटला की तो दगड म्हणजे देव. त्याला हात लावायचा नाही, हलवला तर घरातलं माणूस जातं असं मानतात. आई ताट घेऊन मागे मागे चालत होती. पहिल्या दोन दगडांची पूजा झाली, खोबरं वाटलं. मग पुढच्या सात साखळ्या, माझ्या.

त्या संपल्या तेव्हा साखळीच्या टोकाशी खुणेला रोवायची शेवटची सळई विहिरीच्या वरच्या पायरीच्या पलीकडे गेली होती. म्हणजे हद्दीची रेघ पायरीच्या बाहेरून न जाता पायऱ्यांवरून जात होती. वरच्या दोन पायऱ्या माझ्या रानात येत होत्या. मी थबकलो. आप्पांनी पायरी बरोबर चौदा साखळ्यांवर ठेवली होती हे मला माहीत होतं. पण आप्पांनी मोजलं होतं गाठी मारलेल्या नाड्याने, आणि मी मोजत होतो सरकारी साखळीने. म्हाताऱ्याचा अंदाज थोडा चुकला असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मी इतरांच्या बापजाद्यांचे अंदाज रोजच खोडून काढत होतो. स्वतःच्या बापाचाही खोडला.

आई हसून म्हणाली, "आसू दे की. भावाच्या दारातनंच उतरंल बहीण पाण्याला." अण्णा म्हणाला, "व्हय तर. पायऱ्या काय कुणी उचलून नेतंय." आक्का पायरीवरच उभी होती, पदर डोक्यावर घेऊन. ती पायरीच्या कडेकडे बघत होती. दगड बसले, नारळ फुटला.

मग आक्काच्या सात साखळ्या टाकायला घेतल्या आणि नाल्याच्या दगडापाशी आलो तर सात भरेनात. साडेतीन फूट कमी. मी पुन्हा टाकली. पुन्हा साडेतीन फूट कमी.

मी वहीतले आकडे पुन्हा तपासले. अण्णाने मात्र लगेच निकाल दिला. "नाल्यानं खाल्लं आसंल. दर पावसाळ्याला खातंयच की." आई ताट घेऊन बांधावर टेकली होती. बारा वाजायला आले होते. मला ठाऊक होतं की नाल्याने खाल्लं असतं तर नाल्याकडचा दगडच राहिला नसता. तो कलला होता खरा, पण खाली मुळासारखा घट्ट होता, आणि मी त्याच्यावरच हात टेकून उभा होतो. तूट तिघांत वाटायची तर चारही दगड उपटून मागे घ्यायला हवे होते, हळदकुंकू लागलेले. मी आईकडे पाहिलं. अण्णाकडे पाहिलं. आक्काकडे पाहायचं टाळलं. वहीत लिहिलं, 'नाल्याकडील झीज, साडेतीन फूट.'

इथपर्यंत मी स्वतःला माफ करू शकलो असतो. घाई, मुहूर्त, आई. पण सोमवारी कचेरीत गेलो आणि सगळे यायच्या आधी साखळी ओट्यावर अंथरली. ती खुणेच्या दोन इंच बाहेर गेली. एका साखळीला दोन इंच. माझ्या डोक्यात हिशोब आपोआप झाला, तो थांबवता येत नाही. सात साखळ्यांत चौदा इंच अण्णाला जास्त गेले, चौदा मला. साडेतीन फुटांतले उरलेले चौदा इंच म्हणजे त्याच लांबलेल्या साखळीने आक्काच्या रानात कमी मोजलेले, ते तिच्याकडेच होते. खरी तूट अठ्ठावीस इंच. तेवढी तिची जमीन आमच्या दोघांच्या वाटणीत सरकली होती. आप्पांचा नाडा बरोबर होता.

नकाशा अजून माझ्याच टेबलावर होता. त्यावर सहीसुद्धा व्हायची होती. एका दुपारचं काम होतं. पण अण्णाला काय सांगायचं, आईला काय सांगायचं, आणि त्याहून जास्त म्हणजे कचेरीत काय तोंड दाखवायचं. साखळीचा पक्का माणूस घरचं रान चुकला, हे ऐकून लोकांनी महिनाभर चहा पिताना माझीच गोष्ट चघळली असती. मी हातोडी घेतली, उघडलेले सांधे एकेक करून ठोकून बसवले आणि साखळी पुन्हा तेहतीस फुटांवर आणली. तिच्यावर कपडा फिरवला. नकाशा तसाच सहीला पाठवला.

नंतरची वीसेक वर्षं त्या अठ्ठावीस इंचांनी कुणाला त्रास दिला नाही. आक्का माझ्या हद्दीतल्या दोन पायऱ्या उतरून आपल्या विहिरीत जायची. पाण्यावर तिने काय काय केलं. कोबी, मेथी, वाटाणा, मिरची. पहाटेच्या टेम्पोने माल बेळगावच्या बाजारात न्यायची आणि नऊला परत रानात. लेकीला शिकवलं, सदलग्याला दिली. जावई सारखा म्हणायचा, आत्ती, आता आमच्याकडं या. ती म्हणायची, पाणी हाय तवर येत न्हाय. मी रविवारी गेलो की माझ्या गाडीच्या डिकीत भाजी भरून द्यायची. ती भाजी खाताना मला काही वाटायचं नाही असं नाही. पण वाटण्याचीही सवय होते.

आई गेली. अण्णाने आपला हिस्सा एका प्लॉटवाल्याला विकला आणि तो मुलाकडे पुण्याला गेला. मग त्याच प्लॉटवाल्याने मला विचारलं. शहरात माझ्या घरावर मजला चढवायचा होता, रानात मी पाऊल ठेवत नव्हतो. खरेदीपत्रात दक्षिणेची हद्द लिहायची वेळ आली तेव्हा पेन माझ्या हातात होतं. 'विहिरीची वरची पायरी सोडून' एवढे चार शब्द घातले असते तर पुरलं असतं. पण चार शब्द घातले की नकाशाशी जुळत नाही, जुळत नाही म्हटलं की नोंदणी अडते, मग का जुळत नाही हे सांगावं लागतं. मी तोंडी सांगितलं, पायऱ्यांपाशी तेवढं दोन-अडीच फूट सोडा. तो म्हणाला, "सर, तुमची बहीण ती आमची बहीण." दक्षिणेला मी लिहिलं, 'हद्दीचे दगड.'

त्याने प्लॉट पाडले आणि विकून टाकले. ज्यांनी घेतले त्यांची काही बहीण तिथे नव्हती. त्यांनी वर्गणी काढून सगळ्यांना मिळून कंपाउंड घालायचं ठरवलं. जेसीबीवाल्याने या दगडापासून त्या दगडापर्यंत चुन्याची रेघ मारून घेतली आणि सरळ चर खणत आला. त्याची काही चूक नाही, रेघ अगदी सरळ होती. पायऱ्या निघाल्या. आमच्या विहिरीला सिमेंट नव्हतं, नुसता दगडांचा कोरडा बांध होता. पायऱ्यांचा आधार गेल्यावर त्या बाजूचा सगळा बांध आत ढासळला आणि त्याच्या मागची माती आत गेली. हे सगळं तासाभरात झालं म्हणे.

आक्काने मला फोन केला नाही. मी नेहमीसारखा रविवारी गेलो तर ती विहिरीच्या कडेला नव्हती, शेडच्या सावलीत बसून मेथी निवडत होती. ती मेथी विकत आणलेली होती. कोबीची पानं कडेने वाळायला लागली होती. विहिरीत डोकावलो तर गढूळ चिखल आणि त्यातून वर आलेली पंपाची कडी. पलीकडे छातीएवढी नवी भिंत उभी होती. माझ्या आणि आक्काच्या हद्दीतले दोन दगड त्यांनी काढले नव्हते. भिंत त्यांच्या कडेने घातली होती आणि कुणीतरी त्यांना हळदकुंकूही लावलं होतं.

त्यानंतर मी जे जे करायचं ते केलं, म्हणजे उशिरा जे करता येतं ते. मोजणीच्या कचेरीत जाऊन साहेबांसमोर कबूल केलं की साखळी लांबलेली होती, मी ती तपासली नव्हती, नंतर मला कळलं आणि मी गप्प बसलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हे तोंडातून बाहेर पडलं. मला वाटलं होतं, समोरचा माणूस चमकेल. तो म्हणाला, "सर, निवृत्त झालात, कशाला त्रास करून घेता." मग त्याने जे सांगितलं ते मीच आयुष्यभर लोकांना सांगत आलो होतो. कागदावरच्या आकड्यापेक्षा जागेवरची हद्द मोठी. दगड वीस वर्षं जागेवर आहेत, वहिवाट तशी आहे, कुणी हरकत घेतलेली नाही. पाहिजे तर कोर्टात जा.

कॉलेज रोडच्या एका जुन्या वकिलाकडे गेलो. त्यांनी नकाशा चष्मा काढून पाहिला. म्हणाले, "साक्षीदार तुम्ही, आरोपी तुम्ही, आणि विक्री करून मोकळे झालेलेही तुम्हीच. जज मला विचारतील, या माणसाचं कोणतं म्हणणं खरं धरू." दावा चालवता येईल, पण आक्काचं वय काय, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी नकाशाची घडी घालून परत दिली. फी घेतली नाही, आणि त्यावरूनच मला काय ते कळलं.

नवी विहीर काढायची मी तयारी दाखवली. बोअर मारून देतो म्हणालो. दोन जागी मारली, धूळ आली. आजूबाजूच्या प्लॉटांत आधीच वीस-पंचवीस बोअरी झाल्या होत्या. उन्हाळाभर टँकर आणून पाहिला, पण टँकरच्या पाण्यावर भाजी होत नाही, नुसती जगते. पाऊस आल्यावर आक्काने एकदाच, अगदी साध्या आवाजात सांगितलं, "विकून टाकूया. सदलग्याला जातो मी." आमच्याकडच्या बायका 'जातो' असंच म्हणतात. पाणी आहे तोवर येत नाही असं ती म्हणाली होती, आणि आता पाणी नव्हतं.

विकत घेणारा तोच प्लॉटवाला. विक्रीआधी नवा नकाशा लागतो, म्हणून कचेरीतून सर्व्हेअर आली. धारवाडकडची तरुण मुलगी, हातात टोकाला पांढरी टोपी बसवलेली काठी, पाठीवर पिशवी. साखळी नाही, ओढणारा माणूस नाही. काठी दगडावर टेकवायची, दोन मिनिटं थांबायचं, आकडा आला. आकाशातल्या उपग्रहांवरून येतो तो. मी तिच्या मागे मागे फिरत होतो. तिने रस्त्याच्या दगडापासून सुरुवात केली, सगळे कोपरे घेतले आणि परत रस्त्याच्या दगडावर आली. फरक पाव इंचाच्या आत. मी चौतीस वर्षांत असं पाहिलं नव्हतं. मला त्या यंत्राचा राग आला. आणखी वीस वर्षं आधी आलं असतं तर, असं म्हणायलाही तोंड नव्हतं, कारण कचेरीच्या ओट्यावरच्या खुणा तेव्हाही होत्याच.

ती शेडमध्ये खुर्चीवर बसून माझा जुना नकाशा आणि तिचे आकडे ताडून पाहत होती. रस्त्यापासून नाल्यापर्यंतची पूर्ण लांबी बरोबर एकवीस साखळ्या. अण्णाचा हिस्सा सातवर चौदा इंच. माझा सातवर चौदा इंच. आक्काचा अठ्ठावीस इंच कमी. तिने बोट ठेवून वाचलं, "नाल्याकडील झीज." मग बाहेर पाहिलं. नाल्याचा दगड तिथून दिसत होता. "सर, झीज म्हणतात, पण दगड तर जागेवर आहे."

मी तिला सगळं सांगितलं. आक्का शेजारी बसली होती, तिच्यासमोर पहिल्यांदा सांगितलं. मुलीने मान खाली घालून ऐकलं. हुशार होती, मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. मग म्हणाली, तूट का आली याचा जबाब तिला लिहून हवा आहे, घरच्या माणसाच्या अक्षरात, त्याखाली आक्काची सही. खरं कारण लिहिलं तर जुनी वाटणीच चुकीची ठरते. मग तिन्ही हिस्से नव्याने मोजणीला काढायचे, सगळ्या प्लॉटवाल्यांना नोटिसा, त्यांच्या हरकती, आणि तोवर विक्री बंद. किती दिवस, ते तिला सांगता येत नव्हतं. जुनंच कारण लिहिलं तर दोन्ही नकाशे जुळतात आणि आठवड्यात काम होतं. विहीर दोन्हींत परत येत नव्हती. "नीवे हेळ्री, सर," ती म्हणाली. तुम्हीच सांगा.

मी आक्काकडे वळलो. वीसेक वर्षांपूर्वी टाळलं होतं तसं आता टाळता येत नव्हतं. ती रागावेल, रडेल, मला घराबाहेर काढेल, अशी माझी तयारी होती. खरं तर तसं व्हावं असं वाटत होतं.

ती म्हणाली, "अठ्ठावीस इंच म्हंजे तीन वीत आनि वर बोटभर न्हवं?"

मी म्हणालो, "व्हय. तुला कसं ठाऊक?"

"त्या दिशी तुमी सगळी खोबरं खात बसलता, तवा मोजलतं मी. आप्पांच्या पायरीच्या कडंपासनं तुझ्या रेघंपतोर." तिने हाताची वीत पसरून मांडीवर तीनदा टेकवली आणि वर एक बोट ठेवलं. "आप्पांनी पायरी दाखवून ठेवलती मला. हितनं तुझं, म्हणलते."

"मग बोलली का न्हाईस गं?"

"दगडास्नी कुकू लागलतं. आई बसलीवती." तिने मांडीवरचं बोट उचललं. "आनि मोजनारा तू व्हतास की रं. म्हटलं, कागुद करताना ध्यानात येईल ह्येच्या. मागनं सरळ करंल. लई दिस वाट बघितलो मी. तू विकलास तवा मात्र सोडलो."

मला म्हणायचं होतं की माझ्या ध्यानात सोमवारीच आलं होतं. ते तिने आत्ताच ऐकलं होतं, पुन्हा सांगण्यात काही अर्थ नव्हता. मी लहान असताना तिने मला कडेवर घेऊन हाच बांध ओलांडलेला आहे. तिच्यासमोर मला इतकी शरम पूर्वी कधी वाटली नव्हती, आणि त्या शरमेचा काही उपयोगही नव्हता.

"खरं लिहितो आक्का," मी म्हणालो. "व्हायचं ते होऊ दे."

"आता कुणासाठनं?" ती म्हणाली. "तुला मोकळं वाटावं म्हणून मी हितं कोरड्या रानात बसू व्हय? लिही मागचंच. अक्षर बी तुझंच हाय, जुळंल."

मुलीने कागद पुढे केला. मी लिहिलं, 'सदर हिश्श्यातील तूट ही नाल्याकडील झीज झाल्याने आलेली आहे.' हाताला त्या वाक्याची सवय होती. खाली आक्काने सही केली. आमच्यापैकी तिचंच अक्षर वळणदार, पण तिला शाळेतून चौथीनंतर काढलं होतं, माझ्या शिक्षणासाठी.

मुलीने जबाब तपासला, दोन्ही नकाशे एकमेकांवर ठेवून उजेडात धरले. विहीर होती तिथे तिने एक लहान वर्तुळ काढलं आणि त्यावर फुली मारली. मग फरकाच्या रकान्यात शून्य लिहून तिने पेनाला टोपण लावलं.